शांतता! पोस्टर चालू आहे

तुमच्या ऑफिसात असा एक तरी प्राणी असतोच. बरोब्बर साडेसहाला लॅपटॉप मिटतो, बॉसच्या केबिनसमोरून मान खाली घालून सटकतो आणि पार्किंगमध्ये हेल्मेट चढवताना स्वतःशीच काहीतरी पुटपुटत असतो. घाबरू नका, त्याला काही झालेलं नाही. तो तालमीला चाललाय. दोन महिन्यांनी तो तुमच्या डेस्कपाशी येऊन उगाचच 'काय म्हणतोस' विचारेल, तेव्हा ओळखायचं की आता दोन तिकिटं गळ्यात पडणार.

या जमातीत माझी बरीच ऊठबस आहे. मला अभिनय येत नाही, पण चहा चांगला पिता येतो आणि ब्रोशरवर छापायच्या चार ओळी खरडता येतात. तेवढ्या भांडवलावर गेली काही वर्षं मी एका ग्रुपच्या तालमींना बसतो. सगळे नोकरदार. कुणी बँकेत, कुणी सॉफ्टवेअर टेस्टिंगला, एक जण सीएकडे, एक मुलगी एचआरमध्ये. कोथरूडच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये, योगावाले गेले की डासांच्या साक्षीने तालीम. हे लोक कशावरूनही भांडू शकतात. संगीत लाइव्ह की रेकॉर्डेड, मध्यंतर ठेवायचं की नाही, वडापाव कुणाकडून आणायचा. पण खरं कडाक्याचं भांडण मी एकाच गोष्टीवरून बघितलंय. पोस्टरवर काय टाकायचं?

हसू नका. नाटक बघायला दीडशे लोक येतात. पोस्टर बघतात निदान दीड हजार, आणि त्यातल्या बहुतेकांसाठी तुमचं नाटक म्हणजे तेवढंच असतं. वॉट्सअॅपवर अंगठा वर सरकता सरकता अर्धा सेकंद दिसलेलं एक चित्र. खल्लास.

तर यंदा मंडळींनी हात घातलाय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'ला. रीतसर परवानगी घेऊन. (हा कंस महत्त्वाचा आहे. 'हौशी आहोत हो, कोण विचारतंय' हा फंडा आता सोडा. तेंडुलकर २००८ मध्ये गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०६८ संपेपर्यंत विचारूनच करायचं.)

नाटक तुम्ही बघितलं नसेल तर थोडक्यात सांगतो. शेवट सांगणार नाही, प्रॉमिस. १९६७ मध्ये 'रंगायन'ने केलेलं नाटक. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं आणि लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. पुढे सत्यदेव दुबेंनी त्यावर सिनेमाही केला. गंमत अशी, की हे नाटकच मुळी एका हौशी नाटकमंडळीबद्दल आहे. मुंबईची ही मंडळी एका गावात प्रयोगाला आलीत. रात्री त्यांना अमेरिकेच्या अध्यक्ष जॉन्सनवर अण्वस्त्रांबद्दल अभिरूप खटला चालवायचाय. दुपार रिकामी आहे. गावातल्या सामंत नावाच्या साध्या माणसाला कोर्ट म्हणजे काय ते दाखवायचं म्हणून टाइमपास सुरू होतो. गंमत म्हणून एक खोटा खटला. आरोपी कोण? ग्रुपमधली शाळामास्तरीण, बेणारेबाई. अविवाहित, बडबडी, हसरी. आरोप? भ्रूणहत्या. पहिला अंक तिथे संपतो आणि पुढे गंमत गंमत राहत नाही. खोट्या खटल्यात तिचं खरं आयुष्य उसवलं जातं. एकेक जण साक्ष द्यायला उभा राहतो आणि आपापली खाज भागवून घेतो.

आता सांगा, याच्या पोस्टरवर काय टाकाल?

पहिल्या मीटिंगला सगळ्यांनी मोबाइलमध्ये 'कोर्ट' शोधलं आणि अर्थातच हातोडा निघाला. लाकडी, चकचकीत, गोल ठोकळ्यावर आपटणारा. टेस्टिंगवाल्याने तर एआयला सांगून दहा सेकंदांत चार पोस्टरंच काढून दाखवली. चारही चित्रांत हातोडा होता, मागे ग्रीक खांब होते आणि पुढे एक बाई इतकं सुबक रडत होती, की तिचा मेकअप कुणी केला असं विचारावंसं वाटलं. मराठी अक्षरं जवळजवळ बरोबर होती. म्हणजे 'शांतता'मधला एक त तेवढा रजेवर होता.

हातोड्याची गोष्ट अशी आहे, की आपल्या कोर्टात तो नसतो. खरंच नसतो. शिवाजीनगर कोर्टात जाऊन बघा, हायकोर्टात बघा. ज्यांच्याकडून आपण ही सगळी व्यवस्था घेतली त्या इंग्लंडच्या कोर्टातही न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत. तो अमेरिकेतला. आपल्या मनात तो हिंदी सिनेमाने आणि टीव्हीवरच्या वकिली मालिकांनी ठोकून बसवलाय. नाटकातल्या त्या हौशी मंडळींच्या लुटुपुटुच्या कोर्टात हातोडा शोभेल, मान्य. त्यांचं कोर्ट असंच ऐकीव मालावर उभं असणार. पण पोस्टरवर हातोडा टाकला की बघणाऱ्याला वाटतं, हे एक कोर्टरूम थ्रिलर आहे, शेवटी वकील पुरावा काढणार आणि खुनी सापडणार. तो माणूस मध्यंतरात कंटाळून जाईल आणि त्यात त्याची काहीच चूक नसेल.

मग आली न्यायदेवता. डोळ्यावर पट्टी, हातात तराजू. एचआरवाली म्हणाली, "अरे, पट्टी काढली ना तिची?" बरोबर. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांच्या ग्रंथालयातल्या नव्या मूर्तीची बातमी आली होती. तिच्या डोळ्यावर पट्टी नाही आणि हातात तलवारीऐवजी संविधान. त्यावर अर्धा तास चर्चा झाली. पट्टीवाली टाकायची की बिनपट्टीची, एक डोळा उघडा दाखवला तर, तराजूत एका पारड्यात बाळ ठेवलं तर. बाळ! हे ऐकून मी चहा आणायला बाहेर गेलो. पट्टी बांधलेल्या देवीचं चित्र कायद्याबद्दलच्या कुठल्याही नाटकाला, भाषणाला, निबंध स्पर्धेला आणि लॉ क्लासच्या जाहिरातीला चालतं. जे सगळ्यांना चालतं ते या नाटकाचं कसं?

मी परत आलो तेव्हा वातावरण तापलेलं होतं.

झालं होतं असं. खजिनदाराने, म्हणजे सीएकडच्याने, विषय सरळ पैशावर आणला होता. हॉलचं भाडं, लाइट्स, मानधन, सगळं वसूल व्हायला हवं. "चेहऱ्याशिवाय तिकीट जात नाही," तो म्हणाला. "बेणारेचा क्लोजअप टाका. डोळ्यात पाणी. मागे सगळ्या पुरुषांची बोटं तिच्याकडे रोखलेली. एकदम सॉलिड." आमचा डिझायनर, जो दिवसा एका जाहिरात एजन्सीत बिस्किटांची पाकिटं करतो, त्याच्याकडे त्याहून जहाल आयडिया होती. चेहरा नको, फक्त छायाकृती. बाजूने दिसणारी बाई, पोटावर हात. पिवळ्या पार्श्वभूमीवर काळी आकृती. त्याने लॅपटॉपवर करूनही आणली होती आणि खोटं कशाला सांगू, दिसायला सुरेख होती. सगळ्यांनी 'वॉव' केलं.

बेणारे करणारी मुलगी गप्प होती. ती एका बँकेत होमलोन बघते. दिवसभर लोकांना कागदपत्रं परत आणायला लावते, त्यामुळे तिला 'नाही' म्हणायची सवय आहे.

"हे मी करणार नाही," ती म्हणाली.

"अगं, तुझा चेहराच नाहीये त्यात."

"ते कळलं मला. पण हे माझ्या आईला पाठवशील तू, आई फॅमिली ग्रुपवर टाकेल, मावशी विचारेल, काय गं हे. ते मी बघून घेईन. तो प्रॉब्लेम नाहीये."

"मग?"

"अख्ख्या नाटकात ते सगळे मिळून तिच्या पोटाकडे बघतायत ना? तेच तर नाटक आहे. आणि तुम्ही पोस्टरवरच ते करून ठेवलंय. रस्त्यावरच्या माणसाला सांगताय, या, तुम्ही पण बघा."

हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. दिग्दर्शक, ज्याला सगळे दादा म्हणतात आणि जो आयुर्विम्यात आहे, त्याने नुसती मान डोलावली. डिझायनरचं तोंड उतरलं. त्याला दोन रात्री लागल्या होत्या हो त्या आकृतीला.

मला विचाराल तर त्या संध्याकाळी पोस्टरचा सगळा प्रश्नच बदलला. तोपर्यंत आम्ही 'कुठलं चित्र छान दिसेल' यावर बोलत होतो. तिने विचारलं की चित्र कुणाच्या बाजूने आहे. बेणारेचं रडणं पोस्टरवर टाकणारा माणूस कुठे बसलाय? तो साक्षीदारांच्या बाकावर बसलाय. हेतू चांगला असला तरी. आणि दुसरं म्हणजे, त्या छायाकृतीने पहिल्या अंकाचा शेवट फुकटात सांगून टाकला असता. तेंडुलकरांनी अख्खा अंक हसवत हसवत प्रेक्षकाला त्या टोळीत सामील करून घेतलंय. आधी आपणही तिच्या फिरकीवर हसतो. मग एकदम आरोप येतो आणि आपलं हसू तोंडातच अडकतं. पोस्टरवर पोट दिसलं की हा सापळा लागतच नाही. प्रेक्षक आधीपासून सभ्य चेहरा करून, सहानुभूती घेऊन येऊन बसतो. मग त्याला कशाची लाज वाटणार?

खजिनदाराचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेत नाही. चेहरा विकतो, हे शंभर टक्के खरं आहे. पॅरिसमध्ये १८९५ च्या नव्या वर्षात भिंतींवर एक पोस्टर लागलं होतं. जवळजवळ सात फूट उंच, चिंचोळं. त्यावर 'जिस्मोंदा' नाटकातली सारा बर्नहार्ट, डोक्यात फुलं, हातात खजुराच्या झाडाची फांदी. काढणारा आल्फोन्स मुखा तोवर फारसा कुणाला माहीत नव्हता. त्या एका पोस्टरने तो रातोरात फेमस झाला आणि बाईंनी त्याच्याशी सहा वर्षांचा करारच केला. पण तिथे गिऱ्हाईक बर्नहार्ट बघायलाच येत होतं. चेहरा हीच जाहिरात होती, आणि तो कसा दिसावा हे ठरवणारी बाई स्वतः थिएटर चालवत होती. आपल्याकडे व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातीत मालिकेतले चेहरे ठळक असतात तेही त्याच न्यायाने. बरोबरच आहे. आमच्या होमलोनवालीचा चेहरा मात्र तिच्या शाखेतले ग्राहक सोडले तर कुणी ओळखत नाही. अनोळखी चेहऱ्याने तिकीट कसं जाईल? त्यापेक्षा सगळ्या अकरा जणांचे पासपोर्ट फोटो टाकले तर निदान अकरा घरांतून तरी लोक येतील. पण मग ते वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखं दिसतं. फक्त 'शुभेच्छुक' लिहायचं बाकी राहतं.

चेहऱ्याशिवाय नाटक विकता येतं याचे दाखले आपल्या घरातच आहेत. कमल शेडगे आठवा. २०२० मध्ये ते गेले. मराठी नाटकांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिराती वर्षानुवर्षं त्यांच्या अक्षरांनी ओळखल्या जायच्या. ना फोटो, ना रंग. पेपरातली चार बोटांची काळी-पांढरी जागा, शेजारी आणखी दहा जाहिराती, आणि तरी नाटकाचं नाव असं काढलेलं की अक्षरांच्या वळणावरूनच नाटक ऐतिहासिक आहे की फार्स ते कळावं. तिकडे पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवटीच्या काळात नाटक-सिनेमांची पोस्टरं अशीच चित्रकारांच्या हाती होती. नटाचा चेहरा विकायची बाजारी सक्ती नव्हती, म्हणून ते एखादी वस्तू, एखादी विचित्र आकृती घ्यायचे आणि तीच डोक्यात घर करायची. वॉर्सातल्या विलानोवला १९६८ पासून फक्त पोस्टरांचं म्युझियम आहे. हे सगळं मी मीटिंगमध्ये सांगितलं. खजिनदार म्हणाला, "पोलंडमध्ये हॉलचं भाडं किती?"

एकाने सुचवलं की सरळ सुलभाताईंचा जुना फोटो टाकू, मानवंदना म्हणून. भावना कळते. पण तो फोटो कुणीतरी काढलेला आहे, त्याचे हक्क कुणाचे तरी आहेत. नेटवर दिसला म्हणजे रस्त्यावर पडलेला नव्हे. आणि त्याहून मोठी गोष्ट, ज्या मुलीला त्या भूमिकेत उभं राहायचंय तिच्या डोक्यावर सुलभा देशपांडे ठेवायच्या? आधीच तिला रात्री झोप येत नाहीये.

पुढच्या शनिवारी दादाने वेगळाच उद्योग दिला. सगळ्यांनी स्क्रिप्ट पुन्हा वाचून त्यातल्या फक्त वस्तू लिहून आणायच्या. भावना नको, 'अन्याय', 'समाज', 'स्त्री' असले शब्द नकोत. हातात धरता येईल असं काहीही. मला वाटतं पोस्टर शोधायची याहून चांगली पद्धत मी बघितलेली नाही, आणि फुकट आहे. कारण चित्र शेवटी वस्तूचंच निघतं. 'अन्याय' गुगलवर शोधलात तर साखळदंड आणि मुठी मिळतात, म्हणजे पुन्हा सगळ्यांना चालणारा माल.

यादी मस्त झाली. काळे डगले. पान. काशीकरांचं कानकोरणं. ढेकणांच्या औषधाची बाटली. खुर्च्या. हिरवा कापडी पोपट. दाराची कडी.

खुर्चीवर बराच वेळ गेला. कारण या नाटकात एक माणूस असा आहे, प्रोफेसर दामले, जो सगळ्या भानगडीच्या मुळाशी आहे आणि जो एकदाही रंगमंचावर येत नाही. त्याची रिकामी खुर्ची! अर्थ एकदम फिट. पण प्रायोगिक नाटकाच्या पोस्टरवर रिकामी खुर्ची आणि वरून पडलेला प्रकाशाचा झोत मी इतक्या वेळा बघितलाय, की ती खुर्ची दिसली की मला नाटकाचं नाव दिसतच नाही. मला फक्त एवढंच कळतं की प्रकाश कमी असणार आणि विराम जास्त.

पोपट सगळ्यांचा लाडका होता. तो नाटकात कुठे येतो, काय करतो, ते मी इथे सांगणार नाही. ज्यांनी नाटक बघितलंय त्यांच्या घशात आत्ता काहीतरी अडकलं असेल. पिवळ्या कागदावर एकटा हिरवा पोपट, कल्पना गोड होती. डिझायनरने रंगवून आणला. एचआरवालीने तो घरी दाखवला तर तिची पाच वर्षांची भाची म्हणाली, "मला पण जायचंय!" झालं. उन्हाळ्याच्या सुट्टीत बालनाट्य समजून पालक पोरं घेऊन आले असते आणि भ्रूणहत्येचा खटला बघत बसले असते. पोपट बाद. मला अजून वाईट वाटतं.

राहिली कडी. ही टेस्टिंगवाल्याच्या यादीत होती, आणि कुणाचंच आधी तिकडे लक्ष गेलं नव्हतं. नाटकाच्या सुरुवातीलाच बेणारे त्या हॉलमध्ये येते तेव्हा दाराच्या कडीत तिचं बोट चेमटलेलं असतं. ती बोट चोखते, हसते, विषय संपतो. सामंत सांगतो की ही कडी जरा तशीच आहे, नीट सरकवली नाही तर दार लागून बसतं. तेंडुलकर हे इतक्या सहज टाकून पुढे जातात की प्रेक्षक विसरूनही जातो. पुढे ती कडी काय करते ते तुम्ही येऊन बघा.

कडीत मला आवडली ती एक गोष्ट, जी छायाकृतीत नव्हती. नाटकाचं पोस्टर माणूस दोनदा बघतो. एकदा येण्याआधी, आणि एकदा प्रयोग संपल्यावर, पायऱ्या उतरताना, रिक्षा शोधत उभा असताना. छायाकृती पहिल्या वेळी जोरात बोलते आणि दुसऱ्या वेळी तिच्याकडे सांगायला काही उरलेलं नसतं. कडी उलटी. आधी ती नुसती कडी असते. जुन्या दारावरची, गंजलेली, थोडी वाकडी. फार तर वाटतं, कोर्टाच्या नाटकाला कडी कशाला बुवा? आणि दोन-अडीच तासांनी तीच कडी बघून पोटात गोळा येतो. तोच कागद, तेच चित्र. शिवाय ती बेणारेकडे बोट दाखवत नाही. आपण दाराच्या कुठल्या बाजूला उभे आहोत ते बघणाऱ्याचं त्याने ठरवायचं.

होमलोनवाली म्हणाली, "हां. ही चालेल." एवढंच.

खजिनदार म्हणाला, "कडी?"

मग शोध सुरू झाला खऱ्या कडीचा. नवीन फ्लॅटमध्ये कड्या नसतात हे आम्हाला तेव्हा कळलं. सगळीकडे लॅच. शेवटी दादाच्या मामाच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात, जो कधीही बिल्डरकडे जाईल, माजघराच्या दाराला मनासारखी कडी सापडली. डिझायनरने सकाळी सात ते साडेसात, तिरपं ऊन असताना, मोबाइलवर फोटो काढले. स्वतः काढलेला फोटो, म्हणजे हक्कांची कटकट नाही. आणि पुरेसा मोठा. हे लक्षात ठेवा, वॉट्सअॅपवर आलेला फोटो प्रिंटला देऊ नका. स्क्रीनवर झकास दिसणारं चित्र ए-थ्री कागदावर नीट उमटायला साधारण साडेतीन हजार बाय पाच हजार पिक्सेल लागतात. वॉट्सअॅपने चेपलेल्या फोटोत तेवढे उरत नाहीत आणि मग कडीच्या जागी तपकिरी लापशी छापून येते.

नाव कसं लिहायचं यावर पुन्हा एक रात्र. आता मराठीत मुक्त, बलू असे चांगले फॉन्ट फुकट मिळतात, पण डिझायनरने ब्रशनेच लिहिलं. शेडगेंची गोष्ट त्याच्या डोक्यात बसली असावी. एका आवृत्तीत त्याने 'शांतता'पुढचं उद्गारचिन्ह गाळलं होतं, 'क्लीन दिसतं' म्हणून. दादा पहिल्यांदा चिडला. त्या चिन्हात अख्ख्या कोर्टाचा दरारा आहे, ते काढलं तर तो वाचनालयातला बोर्ड होतो! मग उभी कडीच उद्गारचिन्हाच्या जागी बसवून बघितली. चतुर दिसत होती, फारच चतुर. म्हणून सोडून दिली. चिन्ह चिन्हाच्या जागी, कडी कडीच्या जागी. प्रिंटवाल्याकडे फाइल उघडली तर तारीख-वेळेच्या ओळीत 'कोर्ट'चा रफार उडून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला होता. हे जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हमखास होतं. अक्षरांचं चित्रात रूपांतर करूनच फाइल द्या, आणि छापायच्या आधी एकदा मोठ्याने वाचा.

प्रायोजकाचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. एका फरसाणवाल्यांनी पाच हजार रुपये दिलेत आणि त्यांना त्यांचा लोगो कडीएवढा हवाय. खजिनदार वाटाघाटी करतोय. सध्या ते कडीच्या अर्ध्यापर्यंत खाली आलेत.

परवा पहिली पंचवीस पोस्टरं लागली. बालगंधर्वच्या आसपास, दोन लायब्ररींत, एका पुस्तकाच्या दुकानात आणि हॉलसमोरच्या चहाच्या टपरीवर. टपरीवाले काका पोस्टर चिकटवू देताना बराच वेळ बघत होते.

"काय, हार्डवेअरचं दुकान काढलंत का?"

"नाही काका, नाटक आहे. या ना बघायला."

"कसलं नाटक? कडीचं?"

खजिनदाराने माझ्याकडे बघितलं, 'सांगत होतो ना' अशा नजरेने. होमलोनवाली पुढे झाली. "कोर्टाचं आहे काका."

"मग आत कोण अडकतं?"

ती हसली आणि तिने त्यांच्या हातात एक तिकीट ठेवलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं, गल्ल्यात टाकलं आणि आमच्या चहाचे पैसे मात्र पूर्ण घेतले.